चौथी वीट

गोडादरा, सुरत
सोमवार, ३ मार्च १९९७

प्रिय आत्याबाईस,
जागृतीचा सविनय जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांना आता दिवसपाळी मिळाली, त्यामुळे घरात जरा शांतता आहे. आईच्या गुडघ्याला तू पाठवलेलं तेल रोज लावतो. लोकेशची बारावीची परीक्षा जवळ आली आहे, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून तो पत्र्याच्या डब्यावर ठेका धरतो. तुझा खोकला कसा आहे? थंडी गेली तरी पहाटे गार पाण्यात हात घालू नकोस.

बाबा म्हणाले, तू रागावली आहेस. "पोरगी कॉलेजात गेली, आता तिला भुसावळच्या आत्याशी बोलायची लाज वाटते," असं म्हणालीस म्हणे. तू दोनदा मगनभाईंच्या दुकानावर फोन केलास. दोन्ही वेळा मी धावत गेले होते. रिसीव्हर कानाला लावून उभी होते. तू म्हणत होतीस, "जागे, बोल ना वं माय, आहेस का तिथं?" मी होते. मगनभाई माझ्याकडे बघत होते. मग तू फोन ठेवलास.

आत्या, मला लाज वाटत नाही. मला आवाज नाही.

बाबांनी तुला सांगितलं नाही, कारण मीच त्यांच्यापुढे हात जोडले होते. तू चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माझं नाव घातलंस, साऱ्या वस्तीला सांगितलंस. मला वाटलं, तोवर बरं होईल. होत नाही.

दिवाळीपासूनच गळा खरखरत होता. कॉलेजातल्या गाण्याच्या सरांनी ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात, ओरडून ओरडून. मी कधी ओरडले, असं मला वाटलं. मग आठवलं, आमच्या खोलीच्या खाली कापड विणायच्या लूमचं खातं आहे. त्या खटखटाटात पेटीचा स्वर ऐकू यावा म्हणून मी शाळेत असल्यापासून त्याच्यावरून गात आले. मला वाटायचं आवाज तयार होतोय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, गाणं तर विसराच.

आणि आंतर-कॉलेज स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती.

तू मला नेहमी म्हणतेस, "गाणं लोकांसाठी असतं. पाच परीक्षकांपुढं गाऊन काय मिळतं तुला? कप?" कप तर कधी मिळालाच नाही. दोन वर्षं मी सुगम संगीतात दुसरी आले आणि दोन्ही वर्षं नवसारीची चैताली देसाई पहिली. पण आत्या, तिथं काय असतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. वस्तीत गाताना लोक डोलतात, टाळ्या देतात, मधेच उठून पाणी पिऊन येतात. स्पर्धेत पडद्याआड दहा-बारा मुली उभ्या असतात आणि श्वास धरून ऐकतात. जिला हरवायचं असतं तिचं गाणं जसं ऐकतो, तसं आपण जगात कुणाचंच ऐकत नाही. तिनं श्वास कुठं घेतला, कोणती जागा चोरली, कुठं घाबरली, सगळं कळतं. चैताली माझं तसं ऐकायची. मी तिचं. आम्ही कधी धड बोललोसुद्धा नव्हतो, पण मला तिच्याइतकं ओळखणारं कॉलेजात कुणी नव्हतं. त्यासाठी मी जात होते.

यंदा शेवटचं वर्ष. डॉक्टरांचं सरांनाही खोटंच सांगितलं, की सूज उतरली म्हणाले. गेले.

मी तुझं गाणं घेतलं होतं. तू आजीवर बांधलेलं. सर म्हणाले होते, हे स्पर्धेचं गाणं नाही, परीक्षकांना मराठी तरी कुठं समजतं. मी ऐकलं नाही. धृपद नीट गेलं. पहिलं कडवं गेलं. मग ती ओळ आली, "मायच्या डोईवरी विटा तीन गं, पोटात मी चौथी गं". "चौथी"ला वर जायचं असतं ना, तिथं मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. फाटलेला आवाजसुद्धा नाही, आत्या. नुसती हवा. लोकेश माझ्यासोबत ढोलकीला होता. तो वाजवत राहिला, मला वेळ मिळावा म्हणून तोच ठेका पुन्हा पुन्हा. सभागृहात कुणीतरी हसलं.

आणि पडद्याआडून ती ओळ आली. माझ्याच पट्टीत, माझ्याच जागेवरून. चैताली गात होती. शब्दांचा उच्चार गुजराती होता, पण एकही शब्द चुकला नाही. पात्रता फेरीत तिनं एकदाच ऐकलं होतं. गात गात ती बाहेर आली, माझा हात धरला आणि कडवं संपवलं. परीक्षकांनी घंटा वाजवली तरी थांबली नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

नियम मोडला म्हणून दोघीही बाद. तिचं स्वतःचं गाणं माझ्यानंतर होतं, ते झालंच नाही. अहमदाबादच्या पुढच्या फेरीला तिसरीच मुलगी गेली.

सगळे म्हणतात, केवढं मन त्या पोरीचं! बाबांनी तर तिच्यापुढे हात जोडले. तुला एकटीला सांगते, मला तिचा राग येतो. त्या टाळ्या ऐकताना मला वाटलं, माझ्या तोंडातलं गाणं हिनं काढून घेतलं. मला तिथंच पडू द्यायचं होतं. माझं अपयश तरी माझं राहिलं असतं.

मी वाईट झालेय का गं?

दिवसभर मी पाटीवर लिहून बोलते. आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्याशी खुणांनी. रोज खाली लूम सुरू झाले की मी गाऊन बघते. ऐकू येत नाही ते लूममुळे, असं मनाला सांगते. परवा मधेच वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत माझ्या घशातून निघणारी घरघर घरभर ऐकू आली. आई चुलीपुढं होती. तिनं वळून बघितलं नाही. पदर तोंडात धरला. त्या दिवशी मला वाटलं, आता पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही.

चैताली दर रविवारी नवसारीहून येते. मी तिच्याकडे पाठ करून बसते, तरी येते. काल म्हणाली, "जागृती, मने आ गीत बराबर शिखवाड. माराथी खोटुं गवायुं हतुं." नीट शिकव, माझ्याकडून चुकीचं गायलं गेलं म्हणे. मी मान हलवली, नाही. ती तरी गायला लागली. "विटा तीन"वर ती सारखी उतरत होती. मला सहन झालं नाही. पेटी ओढली आणि तो स्वर दाबून धरला. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा. शेवटी असं म्हटलं की लोकेशची बोटं डब्यावरच थांबली.

मी रडले. आनंदानं नाही. ते माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, म्हणून.

सतरा तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, बोलणं येईल. गाण्याबद्दल विचारलं की कागदावर काहीतरी लिहीत बसतात.

चौदा एप्रिलला माझं नाव काढून टाक. तुझी परवानगी असेल तर त्या जागी चैतालीचं लिही. मी पेटीवर बसेन. लोक विचारतील, आपल्या बाबासाहेबांच्या जयंतीत ही देसायाची पोर कशी. काय सांगायचं ते तू ठरव. मला हे करायचं आहे असं नाही, आत्या. पण गाणं तुझं आहे आणि ते कुणी तरी वर न्यायला हवं, एवढं मला कळतं.

पण ते नंतर. आधी तू ये. सतराच्या आधी ये. मला समजावू नकोस, धीर देऊ नकोस, जुन्या बायकांच्या गोष्टी सांगू नकोस. नुसती उशाशी बस आणि मला झोप लागेपर्यंत गात राहा. खोकला आला तरी चालेल.

तुझीच, आणि सध्या दुसऱ्या कुणाचीच नसलेली,
जागी