आण्णांच्या पावसाची हलती रेघ

आण्णा, परवा तुमचा पाऊस आपल्या गावच्या शाळेत पडद्यावर दाखवला. खरं सांगायचं तर सुरुवातीला बराच वेळ तो पडलाच नाही. मास्तर असताना शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी तुम्ही बारा वर्षांच्या ज्या बारा वह्यांत लिहिल्यात, त्या तुमच्या माघारी आईनं ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. शाळेचा कार्यक्रम ठरला तशा मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "गुरुजींचं काहीतरी दाखवा." मी कराडला कॉलेजात संगणक शिकवते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय मनात एक जुनं कुसळ होतं. औंधच्या बाजूचा आपला भाग, वर्षातले बहुतेक दिवस कोरडे. रोज सकाळी साडेआठला मापाची नळी डोळ्यांसमोर धरून तुम्ही मोठ्यानं "शून्य" म्हणायचात नि लिहायचात. गावानं तुमचं नाव शून्य मास्तर ठेवलं. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. मला वर्गात शून्याची पोरगी म्हणायचे, मला वाटायचं.

एकदा तुम्ही तालुक्याला गेलात आणि नोंद माझ्यावर सोपवलीत. नळीत काहीच नव्हतं म्हणून मी रकाना कोरा ठेवला. संध्याकाळी तुम्ही वही माझ्यापुढं धरलीत. "पाऊस पडला नाही, की तू बघितलंच नाहीस? कोऱ्या रकान्यावरून मला कसं कळावं?" मग पानभर शून्यं गिरवून घेतलीत. आता हेच मी पोरांना शिकवते, फक्त पगार घेऊन.

तर आई वाचतेय, मी टाइप करतेय. "शून्य. शून्य. शून्य. आगं, हितनं फुडं म्हैनाभर शून्यच हाय, तू घे की लिवून, मी च्या टाकते." मी म्हटलं, एकेक वाच. "बापाचीच हायस," म्हणाली आणि वाचत राहिली. पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा आकडा ऐकू आला की दोघी दचकायचो.

या आकड्यांची हलती रेघ काढायला पायथॉनची एक लायब्ररी वापरतात. लायब्ररी म्हटल्यावर तुम्ही कपाटाची किल्ली शोधाल, पण ही म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम. आपण तारखा आणि आकडे द्यायचे, ती एकेक दिवस पुढं सरकत रेघ ओढते, वर्ष अर्ध्या मिनिटात संपतं. पहिल्यांदा चालवलं तर पावसाळा जानेवारीतच सुरू झाला. तिनं तुमचा दिवस महिना समजून घेतला होता आणि महिना दिवस. आईनं स्क्रीनकडं बघितलं. "आवं बया, संक्रांतीला पूर! त्यांनी असलं कवा लिवलं न्हाई हां. तुझं यंत्रच खुळं हाय." तारखांचा क्रम नीट सांगितला, तेव्हा पाऊस आपल्या जागी गेला.

कार्यक्रमादिवशी भर सकाळी वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. रेघ निघाली. जमिनीला चिकटून सरळ चालली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. शेवटी पुढच्या बाकावरचे रिटायर फौजी बोललेच, "पोरी, हँग झालं काय गं ह्ये?" हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "शून्य मास्तरचाच पिक्चर हाय, हालायचा न्हाई." माझे कान तापले. लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला.

तेवढ्यात जून आला. रेघेनं टुणकन उडी मारली आणि फौजी उठून उभेच राहिले. "थांबीव, थांबीव! तारीख बघ. माझं लगीन हाय ह्ये! घोडं वड्यात बसलं हुतं, मी तसाच चिखलातनं चालत गेलो." मग काय विचारता! प्रत्येक उंचवट्याला कोणी ना कोणी हात वर करायला लागलं. कोणाची भिंत पडलेली, कोणाची म्हैस व्यालेली, कोणाचा बाप शेतातनं नाचत घरी आलेला. सहा मिनिटांचा कार्यक्रम दीड तास चालला. फौजी शेवटी हळूच म्हणाले, "मास्तरनं समदं लिवलंय की रं. आमी हसत हुतो."

मधेच एका मे महिन्यात एकटाच एक सुळका आला. साडेबारा मिलिमीटर. शेजारच्या काकूंनी कपाळावर हात मारला. "ह्यो! ह्याच वळवानं माझ्या कुरडया भिजविल्या बघा, पाटीभर!" सगळे हळहळले. आई माझ्या कानाशी आली. "त्या राती आपण अंगणात झोपलो हुतो. थेंब न्हवता. तुझ्या बापाला मी तसं म्हनलं बी. तर म्हनले, नळीत दिसतंय ते लिवायचं."

आण्णा, त्या सकाळी तुम्ही आभाळाकडं बघितलंत, कोरड्या जमिनीकडं बघितलंत, मग पुन्हा नळीकडं. मी शाळेच्या दाराआडून बघत होते. तुम्ही उठायच्या आत शाळेत जाऊन एक फुलपात्र पाणी मीच पर्जन्यमापकात ओतलं होतं, चौथीत होते. एक दिवस तरी तुम्हाला शून्य म्हणावं लागू नये म्हणून. तुम्ही आकडा लिहिलात आणि वही मिटलीत. खोटी नोंद सापडली की काढून टाकायची, असं मी पोरांना बजावते. ही मी काढली नाही. आणि काकूंनाही अजून काही बोलले नाही.