कमरेचं हाड जबड्यात

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (सध्या कमरेला टेकणं-वाकणं जमत नाही, म्हणून हा नमस्कार उभ्यानेच स्वीकार.) तुझे गुडघे, वहिनींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांची रोजची वादावादी, सगळं आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा करते.

पत्र बघून दचकू नकोस. मागे मी फोनवर तुला दोन-तीनदा सगळं इत्थंभूत सांगितलं होतं आणि तू दर वेळी ‘लाइन खराब आहे’ म्हणून फोन ठेवलास. तुझं ऐकून ह्यांनी नवा फोनसुद्धा आणला. दादा, फोन चांगला होता. खराब मी आहे. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, आणि वाक्य घशातून नीट शिवून निघालं तरी ओठांशी येईपर्यंत त्याचे टाके उसवलेले असतात. तेव्हा हात शाबूत आहेत तोवर लिहून टाकते.

जिभेच्या कडेचं ते दुखणं किरणांनी गेलं, हे तुला ठाऊक आहे. तू तेव्हा येऊन गेलास, मोठ्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, सगळं छान झालं. मग खालची एक दाढ हलायला लागली. मी हाडाची शिंपीण, सैल बटण डोळ्यांना सहन होत नाही, तिथे सैल दाढ जिभेला कशी व्हावी? कोपऱ्यावरच्या दातवाल्याकडे गेले. किरणांचं त्याला सांगायचं माझ्या अगदी ओठांवर होतं, पण तोवर त्याची बोटं त्या ओठांच्या आत पोचली होती. त्याने दाढ काढली, कापूस कोंबला आणि दोन दिवसांत भरून येईल म्हणाला.

ती जागा भरून आलीच नाही. काही महिन्यांनी जिभेला तिथे काहीतरी खरखरीत लागायला लागलं. दातवाल्याने तुकडा मागे ठेवला म्हणून मी त्याच्या नावाने बोटं मोडत राहिले, आणि जबड्याच्या डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं तेव्हा कळलं, ते माझंच हाड होतं. पिवळट, कोरडं, हिरडीतून डोकं काढून बसलेलं. माणसाने आपलं हाड आपल्या डोळ्यांनी बघू नये, दादा. मी बघितलं. नंतर घरी येऊन एका मुलीच्या गणवेशाच्या बाह्या उलट्या लावल्या.

डॉक्टर म्हणाले, किरणांनी रोग मारला, पण त्याबरोबर हाडाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्याही मेल्या. हाड उपाशी राहिलं. आता त्याला जरा जखम झाली की ती भरून काढायला आत काही उरलेलं नाही. हे ऐकताच आमच्या ह्यांची कळी खुलली. आयुष्य पाणीपुरवठा खात्यात गेलेलं, तिथे ‘नळ्या’ हा शब्द म्हणजे माहेरचं माणूस भेटल्यासारखं. मुख्य वाहिनी चालू असून शेवटच्या घराला दाब का मिळत नाही, यावर त्यांनी डॉक्टरांना असं काही समजावलं की बाहेरचे पेशंट दार ढकलून बघायला लागले. मी मध्ये आ वासून बसले होते. (दोन बोटं.)

मग गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या. बंद टाकीत झोपवून दाबाखालची शुद्ध हवा पाजण्याचा प्रकार झाला. टाकीला काचेची खिडकी होती आणि ह्यांना वाटे मी आत कंटाळेन, म्हणून ते रोज बाहेरून वर्तमानपत्र उघडून काचेला लावत. माझ्या बाजूला रोज नेमकं राशिभविष्याचंच पान. हवेने कानाला दडे बसले, हाड जिथल्या तिथे.

शेवटी डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, तो भाग कापून पायाच्या नडगीमागचं बारीक हाड काढून तिथे बसवायचं. दुसरी नवीन आहे, अजून तपासून बघताहेत: माझ्याच कमरेच्या हाडातला मगज ओढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि सच्छिद्र कणांवर बसवून जबड्यात भरायच्या. म्हणजे त्या तिथे नव्या नळ्या आणि नवं हाड धरतील. धरतीलच असं नाही. ते कण म्हणजे कॉलरला आतून आधार देणारं बकरम, एवढं मला समजलं. ज्या हाडावर बसून उभा जन्म मशीन चालवलं त्याचाच मगज तोंडात जाणार, हेही समजलं. यापुढे मी काही बोलले तर लोक माझं कुठलं हाड बोलतंय म्हणतील, असा विनोदही मी केला. तो ह्यांच्याशिवाय कुणाला कळला नाही, आणि ह्यांना तो हसण्यासारखा वाटला नाही.

माझं बोलणं बाहेरच्यांना समजावून सांगण्याचं काम आता ह्यांच्याकडे आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, “मला भीती वाटते.” स्वच्छ म्हटलं, मला तरी स्वच्छ ऐकू आलं. हे म्हणाले, “ती म्हणतेय, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.” डॉक्टरांचा चेहरा इतका उजळला की मला पुन्हा तोंड उघडवेना.

मगज काढतात तेव्हा पालथं झोपवून मागून जाड सुई फिरवत फिरवत आत नेतात. जागा बधिर करतात, पण ओढण्याची ती कळ बधिर होत नाही. असो. पेशी प्रयोगशाळेत गेल्या आणि आमच्या घरात बाळंतपण झाल्यासारखं सुरू झालं. हे रोज सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन करून विचारायचे, “आज कशा आहेत?” बाई आधी हसायच्या, मग नुसतं ‘वाढताहेत’ म्हणायच्या, मग फोन उचलेनाशा झाल्या. धाकटीने (तुझ्या भाचीने) बाबांना दातांच्या कण्या करून सांगितलं की त्या पेशी आहेत, पोरं नाहीत. हे म्हणाले, तुझ्या आईच्या आहेत ना?

भरायच्या आदल्या दिवशी बाईंनी आपणहून बोलावून घेतलं. पेशींना कसलासा जंतुसंसर्ग झाला होता. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. बाई मनापासून ओशाळल्या होत्या, समोरची खुर्ची पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. आमच्या ह्यांनी ती खुर्ची धरून ठेवली. मग त्यांनी विचारलं, “त्यांना काही त्रास झाला का हो?”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नाही म्हणाल्या.

मी मात्र तिथेच ठरवलं होतं, आता बस. पायाचं हाड नको, कमरेचं नको, आहे तो जबडा जिथे गळून पडेल तिथे पडू दे. रिक्षात बसल्यावर ह्यांना तसं सांगितलंही. त्या वेळी त्यांनी ते अगदी बरोबर समजून घेतलं, कारण घर येईपर्यंत ते माझा हात सोडत नव्हते आणि एकदाही पाणीपुरवठ्याचं नाव काढलं नाही.

तरी पुन्हा गेले, दादा. का, ते मला विचारू नकोस. कमरेची दुसरी बाजू पुढे केली. यावेळी पेशी नीट वाढल्या. मेलेलं हाड खरवडून ते बकरम भरलं, वरून हिरडी ओढून शिवली. (डॉक्टरांचे टाके बघितले मी, जवळजवळ आहेत, पण एकसारखे नाहीत.) कित्येक आठवडे सगळं मिटलेलं राहिलं आणि मी तोंडावर हात ठेवून झोपत होते, उगीच उघडेल म्हणून. परवा एका कोपऱ्यात मोहरीएवढं भोक पडलं. त्यातून पुन्हा तेच खरखरीत.

नवा फोटो काढला. जुन्या काळ्या खड्ड्याच्या तळाशी धुरकट काहीतरी दिसतं. डॉक्टर पुष्कळ वेळ तो उजेडासमोर धरून होते. म्हणाले, “हाड आहे असं म्हणवत नाही, आणि नाही असंही म्हणवत नाही.” आता थांबायचं. भोक मिटलं तर बरं, वाढलं तर पायाचं हाड. दुकान बंद ठेवलंय. टाचण्या ओठांत धरून काम करायची सवय, आता ओठ घट्ट मिटत नाहीत, आणि गिऱ्हाइकांना माझ्या तोंडाचा वास येतो हे ती मागे सरकतात त्यावरून कळतं.

तू काळजी करू नयेस म्हणून हे सगळं लिहिलं. इथे सगळे आहेत, कशाची उणीव नाही. गुडघे दुखत असताना एवढा प्रवास करून मुळीच येऊ नकोस.

तुझी,
बहीण

ता. क. वर ‘येऊ नकोस’ लिहिलंय ते खोडायचं होतं, पण पान खराब दिसेल. ये.

ता. क. दुसरा. उपचारासाठी नको. ते काय व्हायचं ते होईल. मी चावू शकत नाही म्हणून या घरात आता माझ्यासमोर कुणी जेवत नाही. मला आधी सगळं एकत्र वाटून पातळ केलेलं वाटीतून देतात, मग स्वयंपाकघराचं दार लावून हे आणि धाकटी उभ्याने जेवतात, भांड्याचा आवाज होऊ न देता. गेल्या रविवारी हे न्हाणीघरात नळ सोडून टोस्ट खात होते. पाणीपुरवठ्याचा माणूस, दादा, नळ सोडून. मी दाराबाहेर उभी होते. परत येऊन झोपल्याचं सोंग घेतलं. त्यांना हे कसं सांगू? सांगितलं तर मला भूक लागलीय असं समजतील.

तू ये आणि माझ्यासमोर ताट घेऊन बस. कडक काहीतरी खा. कडाकडा खा, मचमच आवाज कर, हवं तर आईने शिकवलेलं सगळं विसर. मग हेही बसतील.