चार वाजल्यानंतरचे डोंगर

बेलापूर, ता. श्रीरामपूर
जि. नगर (आता अहिल्यानगर लिहायचं, पण हात अजून नगरच लिहितो)
दि. १९ जानेवारी २०२५

चिरंजीव सचिन,

तुला, सायलीला आणि धाकटीला आशीर्वाद. मी आणि तुझी आई बरे आहोत. खरं तर हे कळवायची गरज उरलेली नाही. माझी खुशाली माझ्याआधी तुझ्या मोबाइलवर पोचते. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून लिहिलं. गव्हाला पाणी दिलं, कांद्याची लागण चालू आहे. सकाळी प्रवरेवर इतकं दाट धुकं असतं की पलीकडची गाय नुसती हंबरते, दिसत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा मी म्हणालो, रात्री छान झोप लागली. तू म्हणालास, "थांबा बाबा, बघतो," आणि मग म्हणालास, "नाही लागली." झोपलो मी. स्वप्नात आपला जुना मळा दिसला, मोटेचा आवाज आला, मन भरून उठलो. आणि माझी रात्र वाईट गेली हे तू मला पुण्यातून सांगतोस. तेव्हा गप्प बसलो. आता बसणार नाही.

दिवाळीत तू माझ्या मनगटाला ते घड्याळ बांधलंस तेव्हा मी ते कौतुकाने गल्लीभर दाखवत फिरलो होतो. जन्मभर कारखान्यात टाइमकीपर म्हणून दुसऱ्यांची हजेरी मांडली, आता माझी कोणीतरी मांडतंय, याची गंमत वाटली. पण एक सांगतो. कामगार आला, गेला, एवढंच मला हजेरीवरून कळायचं. तो का उशिरा आला हे त्याला विचारावं लागायचं. मी विचारत असे. तू विचारलं नाहीस.

गेल्या आठवड्यात तू भिमाजीच्या घरी, भारतीला फोन केलास.

भिमाजी तुला माहीत आहे, पण त्याचं आताचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. पहिलीपासून चौथीपर्यंत आम्ही एका बसकरपट्टीवर बसलो, पुढे एकाच कारखान्यात कामाला लागलो. तो बॉयलरवर, मी गेटवर. उन्हाळ्यात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सुनेला, भारतीला, पाणी मागायचं तरी "तेच, तेच" एवढंच म्हणतो. मी भेटायला जायचो, दोघं नुसते बसायचो. एके दिवशी बसल्या बसल्या मी आमच्या मास्तरांची कविता म्हणायला लागलो. ही कुठल्याच पुस्तकात नाही. चौथीच्या मास्तरांनी स्वतः केलेली, टाळ्या देत आमच्याकडून पाठ करून घेतलेली:

प्रवरे, तुझिया काठावरती ऊन उतरले पिवळे,
वाळूत शोधित बसली पोरे शंख-शिंपले ढवळे.

मी "शंख-शिंपले" म्हणून श्वास घ्यायला थांबलो आणि भिमाजी म्हणाला, "ढवळे."

स्पष्ट म्हणाला. भारती चुलीपुढून उठून दारात आली. तेव्हापासून मी रोज चारला जायचो. मी ओळ म्हणायची, त्याने शेवट करायचा. पौष लागेपर्यंत तो अख्खी ओळ म्हणायला लागला. मग एकदा कविता सोडून म्हणाला, "भारती, च्या." भारतीने पदर तोंडाला लावला आणि नुसतं दूध टाकलं, पत्ती टाकायची विसरली. आम्ही तिघांनी ते तसंच प्यायलं.

तुला काय दिसलं? चार ते सहा बाबा एका जागी बसतात आणि बसल्या बसल्या नाडी वाढते. तू लाल गोल काढून मला फोटो पाठवलास. "तिथे तुम्हाला ताण येतो. जाऊ नका." मी म्हणालो, जाणार. मग तू त्या घरी फोन केलास.

तीन दिवस मी गेलो तर भारती दारातच. "काका, आबा झोपल्यात." चहा मला ओट्यावर मिळाला. आतून खाटेवर काठी आपटल्याचा आवाज येत होता.

"भारती, तो जागा आहे."

"व्हय."

"मग?"

तिने माझा रिकामा कप उचलला. "सचिनदादांचा फोन आल्ता. म्हनले, बाबांना तुमच्या घरात बसल्यावर तरास हुतो, बसू देऊ नका. आमी काय म्हननार, काका? आमच्या घरात बसल्यावर मानसाला तरास हुतो, हे आमी पयल्यांदा ऐकत न्हाई."

सचिन, तू नाडीबद्दल बोलत होतास हे मला माहीत आहे. त्या घराने काय ऐकलं ते तुला माहीत आहे का? तुझ्या आजीने भिमाजीला आपल्या उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही. खेळायला आला की बाहेरून हाक मारायचा. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण घरात सांगितलं असणारच. तुझ्या आजीजवळ कारण नव्हतं. तुझ्याजवळ आलेख होता. भारतीच्या दारात दोन्ही सारखेच पोचले. हे ओट्यावर ऐकलं त्या बुधवारचं, चार वाजून गेल्यानंतरचं बघ. मोठा डोंगर दिसेल. तो ताण नव्हता, लाज होती. तसा रंग तुझ्या मोबाइलमध्ये असेल तर दाखव.

तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लेकाला पुन्यात बसून तुमची नाडी दिसती. माझे गुडघे तीन वर्सं दुखत्यात, ते न्हाई दिसत कुनाला. मलाबी बांदा एक." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पर नाडी वाढती कशानं, ते तर सांगा."

तिला सांगितलं नाही. इथेही लिहायचं नव्हतं.

तुझा तो फोटो मी मोठा करून बघितला. दिवसभर माळरान, आणि चार वाजल्यानंतर डोंगर. मी नगरला रेल्वेने जाताना खिडकीतून डोंगर ओळखायचो, तसा एकेक ओळखला. भिमाजी बोलला म्हणून मला आनंद झाला, तिथे डोंगर नाही. तिथे सपाट आहे. डोंगर आहे तो मी अडलो तिथे. ओळ म्हणता म्हणता पुढचं काहीच नसायचं. धुक्यात पाय टाकावा तसं. कविता जाऊ दे, समोरच्या माणसाचं नाव जायचं. पूर्वी असं कधीतरी व्हायचं. आता रोज होतं. आणि प्रत्येक वेळी हा मुका माणूस मला पुढचा शब्द देतो. भारतीला वाटतं मी त्याला बोलायला शिकवतो. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

तेव्हा तुझं घड्याळ खोटं बोललं नाही. तिथे मी खरंच घाबरतो. पण घाबरतो तिथेच मला हात मिळतो, आणि तू नेमका तोच काढून घेतलास. त्याचाही काढलास. भारती सांगते, चार दिवसांत तो परत "तेच, तेच" वर आलाय. मास्तर गेले, वर्गातली बाकीची गेली. ती कविता आता आमच्या दोघांत मिळून एक आहे. निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

काल मी ओट्यावरच बसून मोठ्याने म्हटली. रस्त्यावरची माणसं बघत होती, बघू दे. तिसऱ्या कडव्यात अडलो. आत काठी थांबली, पण शब्द आला नाही. कान देऊन बसलो. भारती दारात उभी होती, डोळे भरलेले, पण बाजूला झाली नाही. ती होणारही नाही आणि मी तिला म्हणणार नाही. ज्याने दार लावायला लावलं त्यानेच उघडायला सांगायचं.

हे पत्र हातात पडलं की भारतीला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल. नाडी, आलेख, डॉक्टर यातलं काही बोलू नकोस. "वहिनी, माझं चुकलं, बाबांना आत बसू द्या," एवढंच म्हण. ती गप्प राहिली तर थांब, फोन ठेवू नकोस.

घड्याळ हातात आहे. काढलं तर तू धावत येशील, आणि मला तू धावत यायला नको आहेस. मेंदूच्या डॉक्टरकडे चला म्हणालास तर पुण्याला येईन, सकाळच्या एसटीने, कुरकुर न करता. तिथे मात्र आधी मला बोलू दे, मग तुझे डोंगर दाखव. आणि हे आईला तू सांगू नकोस. ते मीच सांगेन, आठवण आहे तोवर.

तुझ्यावर रागावलेला आणि थोडा घाबरलेला,
बाबा