बरणी दाजींच्या हाती देऊ नये

सावेडी, नगर
(पोस्टातला माणूस अहिल्यानगर लिहा म्हणतो, पण तुम्हाला नगरच कळतं)
२८ एप्रिल २०२५

ती. वन्सं,

ज्ञानेश्वरीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे उन्हाने जेवढं बरं राहू दिलं तेवढे. तुमच्या भावाने नवा कूलर आणलाय आणि ते स्वतःच त्याच्यापुढे बसलेले असतात. मला वारा मिळतो तो त्यांच्या पाठीवरून वळून आलेला. दिशाची परीक्षा संपली, आता ती दुपारपर्यंत झोपते आणि मी काही बोलले की "आई, सुट्टी आहे" म्हणते.

आधी एक विनंती. हे पत्र मोठ्याने वाचू नका, आणि दाजींकडून तर मुळीच वाचून घेऊ नका. चष्मा लावा, गोठ्यात जाऊन बसा आणि एकट्या वाचा. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन उचलला की पहिला स्पीकर लावता. मागे मी तुम्हाला माझ्या पाळीचं काहीतरी सांगत होते, तर तिकडून शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, "मेथ्या खा गं त्याच्यावर." तेव्हापासून मी फोनवर फक्त हवापाणी बोलते.

मथुरा कशी आहे? दूध देते ना? संक्रांतीला तिने तुम्हाला भिंतीशी दाबून ढुशी दिली असं दगडाबाई सांगत होत्या. तुम्ही म्हणता पाय घसरला. असो, तुमची म्हैस, तुमचा पाय.

माझ्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीचं सांगते. लोकांना वाटतं, पेशंटच्या गाठीचा तुकडा तपासायला आला, मशीनमध्ये टाकला, कागद बाहेर आला. अहो, त्याचे सोपस्कार किती! आधी तो तुकडा फॉर्मेलीनच्या पाण्यात पक्का व्हावा लागतो. मी घरी आले की माझ्या पदराला वास येतो ना, तोच तो. मग त्याला मेणात बसवायचं, मेणाची वडी करायची, आणि ती वडी मशीनवर इतकी पातळ कापायची की फुंकर मारली तर पट्टी उडेल. म्हणून कापताना पंखा बंद. एप्रिल महिन्यात, नगरला, पंखा बंद! परवा कानिफनाथ, माझ्या जोडीचा टेक्निशियन, शिंकला आणि कुणाचं तरी पित्ताशय माझ्या चष्म्यावर येऊन बसलं.

त्यात आमचा फ्रिज गेलाय. वड्या गार नसल्या की कापल्या जात नाहीत, लोण्यासारख्या फासल्या जातात. ऑफिसात सांगितलं तर म्हणाले अर्ज करा. केला. तोवर कानिफनाथ गेटसमोरच्या रसवंतीतून बर्फ आणतो. रसवाल्याने विचारलं, रोज एवढा बर्फ कशाला? ह्या शहाण्याने खरं ते सांगितलं. आता तो बर्फ फुकट देतो, फक्त पातेलं परत आणू नका म्हणतो.

तर वन्सं, एवढं पुराण सांगायचं कारण, तुमच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट अजून झालेला नाही. उन्हामुळे. फ्रिजमुळे. तुमच्या अकोले तालुक्याच्या डॉक्टरांनी काढून दिलेला तुकडा जरा नीट बसला नाही. आमच्या आरतीमॅडम, ज्या दुर्बिणीतून बघून रिपोर्ट लिहितात, त्या म्हणाल्या की पुन्हा एक छोटा तुकडा मिळाला तर बरं होईल. ह्या वेळी आमच्याच हॉस्पिटलात, भूल देऊन. मला माहीत आहे तुम्ही तेव्हा काय बजावलं होतं, "एकडाव देते, परत सुरी लावू देनार न्हाई." पण या. दिशाची सुट्टी आहे, आमरस करू.

दाजींना नमस्कार. त्यांना जास्त काही विचारू नका.

तुमची वहिनी,
ज्ञानेश्वरी


सावेडी
६ मे २०२५

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते, म्हणून कानिफनाथने उचलला आणि त्यानेही स्पीकर लावला. "तुझी मशीन बिघाडली म्हनून मी परत कापून घेऊ? मी काय कलिंगड हाय व्हय?" हे आमच्या लॅबने ऐकलं, आणि तुमच्याकडे आळीने. आळी हसली तेही इकडे ऐकू आलं. त्या हसण्यात दाजींचा आवाज नव्हता.

मशीनला नावं ठेवलीत ती मला झोंबली, खरं सांगते. माझी मशीन चांगली आहे. मागच्या पत्रात मी तुम्हाला थापा मारल्या. उन्हामुळे काही झालं नाही, फ्रिजमुळेही नाही. जे झालं ते दाजींनी केलं. सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता, पण तुम्ही येतच नाही म्हणता, तर तो शब्द गेला खड्ड्यात.

आपल्याकडची ही पद्धतच आहे. डॉक्टर तुकडा काढतात, फॉर्मेलीनच्या बरणीत घालतात आणि नातेवाइकाच्या हातात देतात, जा घेऊन नगरला. लोक काय काय करून आणतात! कुणी बरणीचं झाकण कणकेने लिंपून आणतं. एका बाईने बरणीला काळा दोरा बांधला होता, वाटेत नजर लागू नये म्हणून. पण दाजींची तऱ्हा सगळ्यांच्या वरताण. संगमनेरला गाडी बदलताना त्यांनी बरणीतलं औषध मोरीत ओतलं, तुकडा नळाखाली स्वच्छ धुतला, पिण्याच्या बाटलीतलं पाणी भरलं आणि वरून हळद टाकली. हळद चहाच्या टपरीवरच्या बाईकडून मागून घेतली म्हणे. मग पुढची गाडी राहुरीच्या अलीकडे बंद पडली. त्या रणरणत्या उन्हात दाजी ती बरणी मांडीवर घेऊन बाभळीखाली बसून राहिले.

मॅडमनी झाकण उघडलं आणि मला म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, हे लोणचं कुणाचं?"

मी बरणीवरचं नाव वाचलं. मालनबाई रंगनाथ. तशीच मी खिडकीशी गेले, तर बाहेर दाजी उभे.

वन्सं, औषध नसेल तर तुकडा कुजायला लागतो, उन्हात तर लगेच. तरी मी जीव लावून केलं. तुकडा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीवर, म्हणजे कॅसेटवर, पेन्सिलने नंबर घातला (शाई धुतली जाते म्हणून पेन्सिल) आणि तो तीनदा ताडून पाहिला. काचेवर मेलेल्या पेशी दिसल्या. पण त्या तुमच्या अंगात असतानाच मेल्या होत्या की दाजींच्या बरणीत मेल्या, ते मॅडमना सांगता येईना. अंगातच मेल्या असतील तर त्याची कारणं वेगवेगळी असतात. त्यातलं एक मी इथे लिहीत नाही, हात धजत नाही.

मला भीती वाटते. रोज परक्यांच्या गाठी कापते आणि दुपारी डबा खाते, मला काही होत नाही. गेला आठवडाभर माझा डबा कानिफनाथ खातोय.

लग्न होऊन आले तेव्हाचं आठवतं का? सासूबाई म्हणाल्या, हिच्या हाताला दवाखान्याचा वास येतो, हिच्या हातचं मी जेवणार नाही, नोकरी सोडू दे. तुम्ही माहेरपणाला आला होतात. माझ्या हातातलं ताट ओढून घेतलंत, पाटावर बसलात आणि म्हणालात, "मी जेवते तिच्या हातचं. नोकरी न्हाई सुटनार." आणि वर दोनदा भात मागून घेतलात. आज ज्या मशीनला तुम्ही शिव्या घालता ती तुमच्यामुळेच माझ्या हाताखाली आहे. मग तिच्याखाली तुमचाच तुकडा नीट कापायला मला मिळू नये का?

म्हणून या. बरणी मी स्वतः ऑपरेशनच्या दारातून हातात धरून आणीन, वाटेत कुणाला शिवू देणार नाही. रिपोर्ट चांगला आला तर फोन करीन, खुशाल स्पीकर लावा. चांगला नसला तर फोन नाही आणि पत्रही नाही. मी गाडीत बसून तुमच्याकडे राजूरला येईन.

दाजींवर रागावू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही ऐकणार नाही, कशाला शाई घालवू.

तुमच्या एका होकारासाठी रखडलेली,
ज्ञानेश्वरी


सावेडी
२३ मे २०२५

ती. वन्सं आणि ती. दाजी,

दोघांना नमस्कार. हे पत्र मात्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं आहे, आणि वाचायचं दाजींनी. दगडाबाईंनाही बोलवा.

काल फोनवर मी "साधी गाठ आहे" एवढंच म्हणाले आणि तिकडे असा काही गलका झाला की पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. कुणी तरी थाळी वाजवली का? म्हणून पुढचं आता लिहून कळवते.

आधी ऑपरेशनच्या दिवसाचं. आमच्या हॉस्पिटलात तो किस्सा अजून चालू आहे. तेवढ्या जागेपुरती भूल दिलेली, डॉक्टरांच्या हातात सुरी, आणि टेबलावरून तुम्ही ओरडताय, "न्यानू, बरनी ह्यांच्या हातात देऊ नगंस!" दाजी बिचारे बाहेर बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. कानिफनाथने आता आमच्या खिडकीवर पाटी लावली आहे: "बरणीत हळद, मीठ, पाणी घालू नये." खाली त्याला दाजींचं नाव घालायचं होतं, मी आडवी आले.

तुकडा असा सुंदर बसला म्हणता! वडीही गार, कारण फ्रिज अजून अर्जातच आहे पण रसवाल्याने स्वतः बर्फाची लादी आणून दिली. मॅडम बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होत्या. मी शेजारी उभी. मग म्हणाल्या, "ह्या बाईंना छातीला जोरात मार लागला होता का?"

मी म्हटलं, त्या म्हणतात पाय घसरला.

"पाय घसरून असं होत नाही. चरबी चेचली गेलीय. मेलेल्या चरबीची ही गाठ आहे, हाताला टणक लागते म्हणून घाबरवते." मागच्या पत्रात जो शब्द लिहायला हात धजला नाही तो आता खुशाल लिहिते. कॅन्सर नाही. दाजी, परत वाचा. कॅन्सर नाही.

आता मथुरेकडे वळते. वन्सं, अकोल्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला मार लागला का विचारलं, तुम्ही न्हाई म्हणालात. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, न्हाई. का, तर दाजींना कळलं की ते मथुरेला बाजारात काढतील! एका म्हशीला वाचवायला तुम्ही दोनदा सुरी लावून घेतलीत, आणि आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लावलात. कमाल आहे बाई तुमची. दाजी, तुम्ही हे स्वतःच्या तोंडाने वाचताय, तर पुढचंही वाचा: मी, रंगनाथ, मथुरेला विकणार नाही. वाचलंत? दगडाबाई साक्षीला आहेत.

मोठ्याने वाचायचं इथे संपलं. दाजी, आता कागद वन्संकडे द्या आणि तुम्ही म्हशीला पाणी दाखवायला जा. खरंच जा.

गेले का? मग वन्सं, हे मनात वाचा.

तुम्ही त्यांच्याशी अजून बोलत नाही असं दगडाबाईंकडून कळलं. भाकरी वाढता आणि तोंड फिरवता. मी तुम्हाला दाजींनी काय केलं ते कळवलं, का केलं ते नाही. माझ्याकडून शब्द घेतला होता तो खरा त्याचाच. बाकीचं सांगितलं तरी त्यांना चाललं असतं.

त्या दिवशी खिडकीशी मी त्यांच्यावर खूप ओरडले. लॅबमधले सगळे बघत होते. मी म्हटलं, दाजी, नुसत्या वासासाठी तुम्ही औषध ओतून दिलंत? ते टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "वासाचं काय न्हाई गं. झाकन जरा उघडून बघितलं तर डोळ्यातून पानीच आलं. म्हनलं आपल्या डोळ्याला एवढं झोंबतंय, तर तिला किती झोंबत आसंल. म्हनून धुतलं. हळद टाकली, जरा बरं वाटंल तिला."

अंगातून काढलेल्या तुकड्याला काही कळत नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. एवढी वर्षं हेच काम करते मी. पण नाही सांगता आलं. खिडकी लावून घेतली आणि आत जाऊन रडले.

ते गोठ्यातून परत आले की त्यांना हाक मारा.

तुमची,
न्यानू