टर्बोत अडकलेला खण

पावणे,
११ ऑक्टोबर २०२५

चि. रूपेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला मी दिलेलं तेल लावत जा. तुझ्या डंपरचा टर्बो काल माझ्या वर्कशॉपमध्ये उघडला. आत काय निघालं ते सांगते, पण आधी टर्बो म्हणजे काय तेच तुला सांगावं लागेल. तू आजवर नुसत्या त्याच्या शिट्टीवर खूश होतास.

इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बोतला एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. हवा भरपूर, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं आणि भरलेली गाडी चढ चढते. पंखा इतक्या जोरात फिरतो की नुसती धूळ गेली तरी पाती झिजतात. म्हणून वाटेत फिल्टर असतो. हे कळायला फार डोकं लागत नाही, पण थोडं लागतं.

आता तुझा पराक्रम. दसऱ्याला गाडीची पूजा केलीस, चांगलं केलंस. गावदेवीच्या ओटीतला खण मात्र बांधलास कुठे, तर केबिनमागच्या हवेच्या पाइपाच्या तोंडावर, गुढी उभारल्यासारखा. इंजिनाचं नाकच दाबलंस. गाडी काळा धूर ओकू लागली, ओढेना. मग शहाण्याने फिल्टरच काढून फेकला. तुझा ड्रायव्हर अंकुश नको म्हणत होता, हे तूच मला फोनवर हसत सांगितलंस. "आता ड्रायवर मना शिकवनार!"

खण आत ओढला गेला. दांड्याला खणाच्या काठाची जर गुंडाळली आहे, पाती मोडली आहेत. आणि तू नाक्यावर सांगत सुटलास की अंकुशने टर्बो खाल्ला. त्याला कामावरून काढलंस, आता दुसरा कोणी त्याच्या हाती गाडी देत नाही. वर मी तसं लिहून द्यावं म्हणतोस. लाज वाटत नाही का रे? आज सकाळी त्या खणाचा फोटो मी डंपरमालकांच्या ग्रुपवर टाकलाय. असल्या काठाचा खण देवीला आपल्याच घरून जातो, सगळे ओळखतील.

"ताई, तो आपल्यातला हाय का? कशाला त्याची बाजू घेतंस?" असं तू विचारलंस तेव्हा मी फोन ठेवला. उत्तर द्यायला कागद घेतला आणि टर्बोवरच लिहीत बसले. तुला मी भीत नाही, पण आईचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

अंकुश मला आवडतो. लग्नाचं मीच विचारलं होतं. शेठचं मीठ खातो, त्याच्या बहिणीशी कसं करू, म्हणून तो थांब म्हणायचा. ती अडचण तू स्वतःच्या हाताने दूर केलीस. परवा ठाण्याला जाऊन आम्ही लग्नाची नोटीस देऊन आलो. आईला मी स्वतः येऊन सांगेन, तू मध्ये तोंड घालू नकोस.

नाक्यावर जे बोललास ते तिथेच उभा राहून मागे घे. मग भाऊबीजेला ये, ओवाळीन. दारात त्याला भावोजी म्हणावं लागेल.

म्हणशील तर ताई,
नाहीतर नुसती सुचिता