पदवीचा रिकामा रकाना

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांना पंख्याखाली झोपू देऊ नकोस. माझं ते ऐकत नाहीत.) मी ठीक आहे. म्हणजे मत्सराने जळून खाक झालोय, पण तब्येत ठीक.

ग्रंथालयात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाल्याचं तुला मागे कळवलंच होतं. चौदा वर्षं मी त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलोय, आणि मध्येच हा सर्वज्ञ उपटला. (खरं नाव लिहायला हात धजत नाही.) येऊन चार महिने झाले नाहीत, तर आमच्या ग्रंथपाल मोठ्या बाई स्वतःच्या थर्मासमधला चहा याला ओतून देतात! मला चौदा वर्षांत त्या थर्मासचं झाकणसुद्धा कोणी दाखवलं नाही.

याचा पराक्रम काय, तर कर्मचाऱ्यांची यादी. आमची माहिती एक्सएमएल फाइलीत असते: नाव, पदवी, पद, बसायची जागा आणि दुखणं (हे प्रथमोपचारासाठी). तिचा तक्ता मांडून देते ती स्टाइलशीट. एखाद्याची एखादी माहिती फाइलीत नसली, की ही स्टाइलशीट तो रकाना काढायचीच नाही आणि त्याचं पुढचं सगळं एकेक घर डावीकडे सरकायचं. याने तिच्यात एक अट घातली: माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेव, पण ठेव. बस, एवढंच! आणि बाई म्हणे, काय डोकं आहे!

मग माझं डोकं फिरलं. निवड समितीपुढे हीच यादी पडद्यावर दाखवायची होती. आदल्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी ती अट हळूच काढून टाकली. म्हटलं, सरकू देत सगळ्यांचे रकाने, होऊ दे याची शोभा.

ताई, शोभा झाली. सत्तावीसपैकी सव्वीस जणांच्या ओळी सरळ! सगळ्यांकडे सगळं होतं. (दुखणं नसलेला माणूस तर आमच्याकडे नाहीच.) पदवी नव्हती ती एकट्या माझ्याकडे. पडद्यावर ही मोठाली अक्षरं: पदवी – सहायक, पद – जिन्याखाली, बसायची जागा – डावा गुडघा. समितीतले एक आजोबा बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत होते. सगळे हसले, फक्त सर्वज्ञ हसला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

बाकी क्षेम. भाचीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. : ती अट परत घालायला मला येत नाही. तू रोज हीच कामं करतेस, तर ती ओळ लिहून पाठव. जीव गेला तरी मी याला विचारणार नाही.

ता. क. दुसरा : नको पाठवूस. आत्ता फाइल उघडली तर अट जागेवर! त्याने जुन्या प्रतीतून परत आणलीय. तिच्या वरच त्याची टीप आहे, काढताना मी ती वाचलीच नव्हती: ‘दादांची पदवी भरलेली नाही. चारचौघांत त्यांची ओळ विस्कटू नये म्हणून.’ म्हणजे मुळात ती घातली होती माझ्यासाठी. या मेल्याचा आता धड हेवासुद्धा करता येत नाही!

ता. क. शेवटचा : खुर्ची त्यालाच मिळाली. माझा तो राहिलेला एक विषय अजून देता येतो का, तेवढं बघ, आणि येत असेल तर अर्ज ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठव. घरी नको. आईच्या लेखी मी सोळा वर्षांपूर्वीच पास झालोय.