दूध उतू न गेलेला गृहप्रवेश

बसवनगुडी, बेंगळूरु

तीर्थरूप वसुअक्काच्या चरणी धाकट्या वादिराजाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? भावजींना पथ्यावर ठेवलं आहेस ना? धारवाडची हवा बरी असेल. इथलीही बरी आहे असं म्हणायची चाल आहे.

महादेवपुऱ्याच्या आमच्या गृहप्रवेशाला तू नव्हतीस, तेव्हा तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल. खरं ते माझ्याकडून ऐक. माणसं गाव सोडून का जातात, यावर मी उभी हयात घालवली (याच घरात, याच खुर्चीत बसून, असं तुझी भावजय श्रीविद्या पाहुण्यांसमोरही सांगते). आपले पूर्वज दक्षिणेत आले ते पराक्रमासाठी नव्हे, इथे पगार वेळेवर मिळे म्हणून, असं मी परिषदेत मांडलं, तेव्हा आपल्या मंडळींनी मला दोन वर्षं प्रसादाला बोलावलं नव्हतं. त्या तपश्चर्येचं फळ म्हणून यंदा विद्यापीठाने मला स्थलांतर अभ्यास केंद्राचा संचालक नेमलं. अट एकच: महिनाअखेरपर्यंत शहराच्याच दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याच्या नव्या आवारातल्या घरात राहायला जायचं, नाहीतर पद प्रदीपकुमारला. (तो पाच शहरांत राहून आलाय आणि ते सगळ्यांना सांगतो.)

मुहूर्त पाहून आपल्या पुरोहित भीमाचार्यांना घेऊन गेलो. नव्या घरात आधी दूध उतू जाऊ द्यायचं, हे तुला सांगायला नको. आईने पातेलं ठेवलं, सगळे हात जोडून उभे. आता अक्का, लहानपणापासून या घरात माझं काम कोणतं? दुधापाशी उभं राहणं. तू खेळायला पळायचीस, मी उभा. दूध वर आलं, काठाशी थरथरलं आणि माझ्या हाताने मला न विचारता गॅस बंद केला! साय शांतपणे खाली बसली. मग भीमाचार्य म्हणाले, "स्वल्प चुकलं की हो, वादिराज. हा प्रवेश धरता येत नाही." श्रीविद्या एवढंच म्हणाली, "यांना यायचंच नाहीये." मला राग आला. शास्त्रच नको म्हणतंय, तिथे मी काय करणार? मी तडक रिक्षा करून परत आलो.

खरी अडचण आईची आहे. या वयात तिला इथलं देऊळ, कट्ट्यावरच्या मैत्रिणी, कोपऱ्यावरचा फुलवाला कसा सोडवेल? खोल रुजलेली माणसं अशी हलत नाहीत, असं मी पुस्तकात लिहिलंच आहे. तू फोन करून तिची समजूत घाल.

तुझा वादिराज

ता. क. फोन महादेवपुऱ्याला कर. माझी रिक्षा वळल्याबरोबर आईने दुसरं पातेलं चढवलं, ओट्यावरून फरशीपर्यंत दूध उतू जाऊ दिलं, भीमाचार्यांनी पायस खाऊन संमती दिली आणि तेव्हापासून ती आणि श्रीविद्या दोघी तिथेच आहेत. आई शेजारच्या पुणेकर मुलींना होळिगे (त्यांच्या भाषेत पुरणपोळी) शिकवते आणि लिफ्टमध्ये हिंदी बोलते म्हणे.

आणखी एक. घर खायला उठतं गं. मागे राहिलेल्या माणसांवर माझ्या सगळ्या पुस्तकांत मिळून एक तळटीप आहे, आणि तीही चुकीची निघाली. त्यांनी मला बोलवावं, एवढं आईला सुचव. मी म्हटलं असं मात्र सांगू नकोस.

शेवटचं. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तिथे दुधापाशी कोण उभं राहतं, तेही विचार.